पावलं, घड्याळ आणि आठवण: ज्येष्ठांच्या हालचालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला आजूबाजूचे ज्येष्ठ जमतात. फरशीवर पांढऱ्या पट्टीने ३ आणि ४ मीटरच्या खुणा केलेल्या आहेत. सोबत दोन खुर्च्या, एक हातांची आणि एक बिनहातांची, आणि एक स्टॉपवॉच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मोजणी मी घेते. मोजणी झाली की चहाबरोबर प्रश्न सुरू होतात आणि उरलेले आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात, आईवडिलांसाठी विचारणाऱ्या मुलासुनांचेही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. चालण्याचा आणि आठवणीचा खरंच संबंध आहे का, की नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात?

संबंध आहे. मेंदूला रक्त लागतं आणि ते लहान लहान रक्तवाहिन्यांतून पोचतं. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की याच वाहिन्या आधी खराब होतात. नियमित हालचालीने या तिन्ही गोष्टी आटोक्यात राहायला मदत होते, झोप सुधारते, मन उदास राहत नाही. शिवाय व्यायामामुळे मेंदूत पेशींच्या वाढीला आणि जोडणीला मदत करणारी प्रथिनं वाढतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी जोडलेले १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले. शारीरिक निष्क्रियता त्यातला एक. कमी ऐकू येणं, अधू दृष्टी, एकटेपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब हेही त्याच यादीत आहेत. हे चौदाही धोके दूर करता आले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा चालायला जाताना कानाचं यंत्र घरी काढून ठेवू नका. चालणं एकट्याने सगळा भार उचलत नाही.

२. रोज १०,००० पावलं झालीच पाहिजेत का? माझी ५,००० च्या वर जात नाहीत.

नाही, आणि त्यासाठी जीव टांगणीला लावू नका. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचं मापक’, असं ठेवलं. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, तो जगभर पसरला.

अभ्यास पुढे झाले. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० स्त्रियांची पावलं मोजली, तेव्हा दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं. ७,५०० च्या आसपास हा फायदा सपाट झाला. स्मृतिभ्रंशाबाबत ब्रिटनमधल्या ७८,४३० लोकांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात सर्वांत कमी धोका ९,८०० पावलांच्या जवळ होता, पण ३,८०० पावलांपाशीच तो सुमारे पाव हिश्शाने कमी दिसत होता.

तुमच्या ५,००० मध्ये बरंच काही पदरात पडतं आहे. जो आज १,५०० वर आहे त्याने ३,००० गाठणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

३. हळू चाललं तर चालतं का? ‘मध्यम वेग’ म्हणजे नक्की किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं माप असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि पासष्टीनंतर आठवड्यात किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम.

मध्यम वेग ओळखायची सोपी खूण: बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. मासुंदा तलावाला, म्हणजे आपल्या तलावपाळीला, फेऱ्या मारताना शेजारच्याशी बोलता येत असेल आणि अभंगाची ओळ सुरात म्हणताना दम लागत असेल, तर वेग बरोबर आहे. दुसरी खूण म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावलं. घड्याळ लावून एक मिनिट मोजून बघा.

गुडघे किंवा दम साथ देत नसेल तर तुमच्यासाठी ८० पावलंही मेहनतीची असू शकतात. तिथे बोलण्या-गाण्याची खूण जास्त खरी मानावी. हातातल्या घड्याळावरचे हृदयाच्या ठोक्यांचे रंग मात्र काही औषधांमुळे फसवतात, प्रश्न १२ पाहा.

४. मोजायचं कशाने? स्मार्टवॉच, मोबाईल की वही?

तिन्हींचे गुण वेगळे. संशोधक पूर्वी प्रश्नावल्या भरून घ्यायचे: गेल्या आठवड्यात किती दिवस चाललात, किती वेळ? त्या आजही वापरल्या जातात, पण त्यात अडचण उघड आहे. माणूस केलेला व्यायाम फुगवून सांगतो आणि बसण्याचा वेळ कमी सांगतो. आणि ज्याची आठवण मोजायची आहे त्यालाच आठवून सांगायला लावायचं, हे तर जास्तच अवघड. म्हणून हालचालीचे धक्के नोंदवणारं छोटं यंत्र आलं. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ या मोठ्या आरोग्य संशोधन प्रकल्पाने २०१३ ते २०१५ या काळात सुमारे एक लाख लोकांच्या मनगटावर ते आठवडाभर बांधलं. घड्याळातही आत तेच असतं.

यंत्र कुठे बांधता यावर आकडा बदलतो. मनगटावर हाताची हालचाल धरली जाते. कमरेवर चालणं नीट मोजलं जातं, पण आंघोळीनंतर ते पुन्हा लावायचं राहून जातं. मांडीवरचं यंत्र बसणं आणि उभं राहणं यातला फरक ओळखतं, मनगटावरच्याला तो नीट कळत नाही. मोबाईल खिशात असेल तरच मोजतो. आमच्याकडच्या बहुतेक आज्यांचा मोबाईल दिवसभर टीव्हीच्या शेजारी चार्जिंगला असतो, त्यांच्यासाठी तो निरुपयोगी.

कुठलंही घ्या, पण एकच घ्या आणि त्याच हातावर बांधा. संशोधनात निदान चार दिवस, रोज १० तास यंत्र अंगावर असेल तरच नोंद धरतात, त्यात एक सुट्टीचा दिवस असावा. तोच नियम घरी पाळा. आणि वही ठेवाच. त्या दिवशी आकडा कमी का झाला (ताप, पाहुणे, गुडघा) हे यंत्र सांगत नाही.

५. आईचं घड्याळ पोळ्या लाटताना पावलं मोजतं, भाजी आणताना मोजत नाही. बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. मनगटावरच्या यंत्राला पाय दिसत नाहीत. हात एका तालात हलला की ते पाऊल समजतं. लाटण्याचा मागेपुढे ताल, भजनातले टाळ, टाळ्यांचा व्यायाम, खड्ड्यांतून जाणारी रिक्षा, सगळीकडे थोडी खोटी पावलं चढतात. उलट दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या, बाजाराची ट्रॉली ढकलत असलात किंवा जिन्याचा कठडा धरला असला, की हात स्थिर राहतो आणि खरी पावलं गळतात.

एक तपासणी करून बघा. आईंना नेहमीच्या चालीने मनात मोजत बरोबर १०० पावलं चालायला सांगा, आधी रिकाम्या हाताने, मग पिशवी घेऊन. घड्याळाने दोन्ही वेळा काय दाखवलं ते वहीत लिहा. आमच्या पार्किंगमध्ये एका काकूंच्या घड्याळाने पहिल्यांदा ९७ दाखवली, पिशवी घेऊन ५८. त्यानंतर त्यांनी बाजाराच्या दिवसाचा आकडा बघून वाईट वाटून घेणं सोडलं.

६. आजोबा वॉकर घेऊन चालतात. घड्याळ जवळजवळ शून्य दाखवतं. मग मोजायचं कसं?

अगदी सावकाश चालीत, साधारण सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी वेगात, बहुतेक घड्याळं पावलं हुकवतात. वॉकर धरला की हातही हलत नाही. यंत्र मोज्यात किंवा घोट्यावर बांधलं तर बरंच सुधारतं. तेही नको असेल तर पावलं सोडा, फेऱ्या मोजा. पलंगापासून गॅलरीपर्यंत किती वेळा गेले, यासाठी वाटीत चिंचोके टाकायची जुनी युक्ती उत्तम चालते. मिनिटं मोजली तरी चालेल.

७. मी फिरायला जात नाही, पण दिवसभर घरकाम करते. ते धरायचं की नाही?

धरायचंच. शिकागोत सरासरी ८२ वर्षांच्या ७१६ लोकांच्या मनगटावर काही दिवस यंत्र बांधून त्यांची सगळी हालचाल नोंदवली होती, व्यायाम आणि घरकाम असा भेद न करता. सर्वांत कमी हालचाल करणाऱ्या दहा टक्क्यांत अल्झायमर होण्याचा धोका सर्वांत जास्त करणाऱ्या दहा टक्क्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. केर काढणं, कपडे वाळत घालणं, नातवामागे धावणं, सगळं त्यात होतं.

मात्र ओट्याशी उभं राहण्याने दम लागत नाही आणि तोल सुधारत नाही. त्यासाठी दिवसातली पंधरा-वीस मिनिटं वेगळी काढा. योगासनांची पावलं होत नाहीत म्हणून ती वाया गेली असं समजू नका. वृक्षासनासारखी आसनं भिंतीजवळ केली तर तोलाचा हिस्सा भरून निघतो. ती वहीत वेगळी लिहा.

८. सकाळी तासभर चालतो. मग दुपारभर टीव्हीसमोर बसलो तर काय बिघडलं?

बिघडतं. ब्रिटनच्या त्याच बायोबँकेतल्या साठीपुढच्या जवळजवळ ५०,००० लोकांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसात १० तासांपेक्षा जास्त बसून राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका झपाट्याने चढत गेलेला दिसला. बसून काय करता यानेही फरक पडतो. याआधीच्या एका अभ्यासात टीव्ही बघण्याशी धोका वाढलेला आढळला आणि संगणक वापरण्याशी कमी झालेला. शब्दकोडं, वाचन, पत्ते, हिशेब हे बसूनच होतं, पण डोकं चालू राहतं. मालिकेच्या जाहिराती लागल्या की उठून पाणी पिऊन या.

९. मग चालून आठवण सुधारते हे सिद्ध झालंय का? हो की नाही तेवढं सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून सावध राहा.

२०११ मध्ये अमेरिकेत १२० ज्येष्ठांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालायचा, दुसरा फक्त स्नायू ताणण्याचे व्यायाम करायचा. वर्षाने चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचं दार, सुमारे २ टक्के वाढला होता. दुसऱ्या गटाचा थोडा घटला होता. ही बातमी सगळीकडे गाजली. पण २०१५ मध्ये ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांवरचा दोन वर्षांचा मोठा प्रयोग आला. त्यात व्यायामाच्या गटाची बुद्धी आरोग्याची व्याख्यानं ऐकणाऱ्या गटापेक्षा सरस ठरली नाही. त्याच वर्षी फिनलंडमधल्या १,२६० जणांच्या प्रयोगात निम्म्यांना आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं एकत्र दिलं, तिथे फरक दिसला.

माझं मत असं: चालण्याने अमुक विसरणं थांबेल असं वचन देऊ नये. पण पडणं, हृदय, साखर, झोप यांसाठी त्याचा उपयोग पक्का आहे, आणि मेंदूच्या बाजूने पारडं बरंच झुकलेलं आहे. एवढं कारण मला पुरतं.

१०. पार्किंगमध्ये तुम्ही नक्की काय मोजता? घरी करता येईल का?

चार गोष्टी. हातांच्या खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन वळून परत बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. ४ मीटर नेहमीच्या चालीने, त्याला ४ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर आशियाई मापाप्रमाणे चाल मंद. बिनहातांच्या खुर्चीतून हात छातीशी धरून पाच वेळा उठणं-बसणं, १२ सेकंदांच्या आत. आणि चौथी गोष्ट माझ्या आवडीची: चालता चालता १०० मधून तीन-तीन वजा करत जायचं.

या चौथ्या मोजणीत फार काही दिसतं. चालणं आपोआप होतं असं आपण मानतो, पण त्यालाही मेंदू लागतो. कोणी प्रश्न विचारला की काही जण चालायचे थांबतात आणि मग उत्तर देतात. असे लोक पुढे जास्त पडतात, हे १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. मंद चाल आणि विसरण्याची तक्रार एकत्र असेल तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हेही अनेक देशांत आढळलं आहे. केरळात कोळिकोडला त्यावर काम झालं आहे.

घरी पहिल्या तीन करता येतील, पण शेजारी कोणीतरी उभं हवं आणि खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. चौथी एकट्याने करू नका.

११. सहा महिन्यांत बाबांची पावलं निम्मी झाली. म्हणतात गुडघा दुखतो. काळजी करायची का?

हा प्रश्न मी सगळ्यांत गंभीरपणे घेते, म्हणून उत्तर लांब आहे.

माझे वडील रोज संध्याकाळी जांभळी नाक्याला भाजी आणायला जायचे. घड्याळावर पाच हजारांच्या पुढे आकडा असायचा. तो हळूहळू तीन हजारांच्या खाली आला. गुडघा, पाऊस, गर्दी अशी कारणं ते सांगायचे आणि मी, याच क्षेत्रातली असून, गुडघ्याचे व्यायाम देत राहिले. एक दिवस मी त्यांच्याबरोबर निघाले. कोपिनेश्वर मंदिराजवळच्या वळणावर ते थांबले, माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, ‘इथून डावीकडेच ना गं?’ चाळीस वर्षं पायाखालचा रस्ता. वाट चुकेल या भीतीने त्यांनी जाणं कमी केलं होतं आणि ते कोणाला सांगितलं नव्हतं. त्यात आमचे आठ महिने गेले.

संशोधनातही हे दिसतं. लंडनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरदारांचा सुमारे २८ वर्षं माग ठेवला, तेव्हा स्मृतिभ्रंश झालेल्यांची हालचाल निदानाच्या तब्बल नऊ वर्षं आधीपासून कमी होत गेलेली आढळली. म्हणजे कमी चालल्यामुळे आजार होतो की आजार आत सुरू झाल्यामुळे चालणं कमी होतं, हा प्रश्न उरतोच. घरच्यांसाठी त्याचा अर्थ सरळ आहे: आकडा घसरला तर कारण शोधा.

आधी एकदा त्यांच्याबरोबर त्यांच्या नेहमीच्या रस्त्याने जा. मग डॉक्टरांकडे. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत नेहमीची), थायरॉइड, नैराश्य, दृष्टी, नवीन सुरू झालेली झोपेची गोळी, ही दुरुस्त होणारी कारणं आधी तपासून घ्या. चाल अडखळती, लघवीवर ताबा नाही आणि विसरणं अशी तिन्ही लक्षणं एकत्र असली तर मुद्दाम सांगा. मेंदूत पाणी साठण्याचा एक आजार असा दिसतो आणि काहींना त्यावर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. आणि गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक आला असेल, तर घरी थांबू नका, थेट रुग्णालयात न्या. जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं किंवा पक्षाघात असू शकतो.

१२. रक्तदाबाच्या गोळीमुळे घड्याळातले ठोके वाढतच नाहीत. म्हणजे व्यायाम होत नाही का?

होतो. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं (मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल) ठोके खाली धरून ठेवतात. घड्याळाचे ‘झोन’, म्हणजे ठोक्यांचे रंगीत पट्टे, वयावरून काढलेले असतात, त्यांना गोळी माहीत नसते. ठोके वाढावेत म्हणून जोर लावू नका आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. प्रश्न ३ मधली खूण वापरा. छातीत दाटणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर तिथेच बसा.

१३. आठवणीची चाचणी इंटरनेटवरून घरी करू का?

करू नका. ‘मोका’ नावाची ३० गुणांची चाचणी बरीच वापरली जाते. ती मूळ इंग्रजी-फ्रेंच वातावरणात तयार झाली, मराठी रूपही आहे. २६ किंवा जास्त गुण म्हणजे सर्वसाधारण, असं मूळ माप. पण शिक्षणाचा तिथे मोठा हात असतो. बारा किंवा त्याहून कमी वर्षं शाळा झालेल्यांना एक गुण वाढवून देतात, तरी चौथीपर्यंत शिकलेल्या आजींसाठी तेवढा पुरत नाही. चाचणीतलं घनाचं, म्हणजे ठोकळ्याचं, चित्र काढता आलं नाही तर तो पेन्सिल कमी धरल्याचाही परिणाम असतो. शिवाय घरी सराव केला की पुढे डॉक्टरांकडचे गुण खोटे चढतात.

घरी रोजच्या व्यवहाराकडे लक्ष द्या: गोळ्यांचा डबा बरोबर भरला जातो का, रिक्षावाल्याने परत दिलेले पैसे मोजता येतात का, नेहमीच्या आमटीत काही राहतंय का. गेल्या वर्षी जमणारं या वर्षी जमत नसेल तर ते तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवा.

१४. पावसाळ्यात आकडा पडतो. तो धरायचा का?

जुलैची तुलना जुलैशी करा, डिसेंबरशी नको. ओल्या, शेवाळलेल्या रस्त्यावर पडून खुबा मोडला तर वर्षभराची पावलं जातात. त्या दिवसांत सोसायटीचं पार्किंग, गॅलरी, मॉल. वाशी-नेरूळकडच्या मंडळींना स्टेशनांचे रुंद आच्छादित भाग मिळतात, गर्दीची वेळ सोडून. येऊरच्या चढावर पावसात जाऊ नका.

१५. स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय. आता मोजण्यात काही अर्थ आहे का?

त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. माझ्या वडिलांच्या घड्याळावरचा आकडा मी लपवून टाकला, कारण कमी दिसला की ते रात्री नऊला चप्पल शोधायला लागायचे. आता आठवड्याचा आकडा मी माझ्या मोबाईलवर बघते. तो एकदम पडला तर दुखणं, ताप, बद्धकोष्ठ शोधते, कारण ते स्वतः सांगत नाहीत. एकदम वाढला, त्यातही रात्री, तर येरझाऱ्या सुरू झाल्यात असं समजते.

चालणं चालू ठेवा, पण सोबत हवी, वेळ तीच, रस्ता तोच. सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, धुवायला टाकताना ती काढून नव्या सदऱ्यात घाला. घड्याळात ठिकाण दाखवण्याची सोय असेल तर ती चालू करा आणि ते रोज रात्री जेवणानंतर चार्जिंगला लावा. सकाळी फिरायला निघायच्या आधी ते हातावर आहे ना, हे बघणारा घरात एकच माणूस ठरवून ठेवा.